रॉस्कोने उघडे ठेवलेले फाटक

मी एक जुने फाटक आहे. नेब्रास्काच्या सँडहिल्समध्ये, गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्यांत मी उभे आहे. उभे कसले, वाऱ्याला टेकून आहे म्हणा! काटेरी तारा आणि थोड्या काठ्या, एवढाच माझा देह.

मित्रांनो, रॉस्को हॅगेमनने मला आपल्या लग्नाच्या वर्षी बांधले. मला लावताना खांदा देऊन रेटावे लागे. "आमच्या बायकोसारखंच आहे, ताठ!" असे तो शेजाऱ्यांना सांगे, आणि गाडीतून लीओना ओरडे, "ऐकतेय मी!" मोठे मानाचे दिवस होते ते.

आमच्याकडे फाटक जसे सापडेल तसेच सोडायचे: उघडे तर उघडे, लावलेले तर लावलेले. हे कोणी शिकवत नाही, म्हणून बाहेरच्याला कळतही नाही.

एका उन्हाळ्यात उत्तरेच्या कुरणातली पाणी उपसणारी पवनचक्की मोडली आणि हौद आटला. गाईंना दक्षिणेच्या हौदावर जाता यावे म्हणून रॉस्कोने मला उघडे ठेवले आणि तो पवनचक्कीचा सुटा भाग आणायला दूरच्या गावी गेला. त्याची सून जोलीन ओमाहा शहरातून नुकतीच आली होती. तिने मला उघडे पाहिले आणि सासऱ्याची चूक झाकावी म्हणून, हात ओरबाडून घेत, मला लावून टाकले. मला ओरडता आले नाही.

तो भाग लवकर मिळेना, म्हणून रॉस्को त्या गावीच काही दिवस अडकून पडला. इकडे गाई माझ्यापाशी गोळा झाल्या. पलीकडून पाण्याचा वास येत होता. आधी वासरे बसली. काही पुन्हा उठलीच नाहीत. मला अजून ते आठवले की वाईट वाटते.

"मला वाटलं, तुम्ही विसरलात बाबा," रॉस्को परतला तेव्हा जोलीन रडत म्हणाली.

रॉस्कोने टोपी काढून हातात घेतली. "मग विचारायचं होतंस, पोरी. खेकसलो असतो, पण सांगितलं असतं. चल, फावडं घे."

दोघांनी मिळून वासरे पुरली.

पुढे रॉस्को वारला. त्याला टेकडीवर पुरायला नेताना मी उघडेच होते. पाद्रीबाबा गाडीतून उतरले आणि जोलीनला म्हणाले, "लावून घेतो हं, बाई."

"हात लावू नका! आधी हौद बघते."

काळ्या पोशाखात जोलीन वाळू चढून गेली. सगळे उन्हात थांबले. परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"उत्तरेचा हौद कोरडा आहे. बाबांनीच उघडं ठेवलंय. राहू द्या."

आता माझ्या जागी लोखंडी फाटक येणार आहे. खुशाल येऊ दे. पण मित्रांनो, कुठे उघडे दार दिसले, तर ते लावण्याआधी एवढे विचारा, की ते कोणासाठी उघडे ठेवले आहे.