एक जानेवारी, सन एक

विल्मार पीरिसने सासूच्या मरणाचा विचार कधी केलाच नव्हता असं नाही, पण संगणकावर ती खरोखर मेलेली दिसली तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ‘एल्बिया सिल्वेरा. मृत. एक जानेवारी, सन एक.’ म्हणजे बाईंना जाऊन दोन हजार वर्षं झाली होती, आणि त्या घटकेला त्या घरी पुऱ्या तळत होत्या.

विल्मारने लिहिलेला प्रोग्रॅम पायसांदू गावच्या एका इस्पितळात चालायचा. सोमवारी तो जन्ममृत्यू कचेरीच्या प्रोग्रॅमला जोडला आणि मंगळवारी अख्खं गाव मेलं. मेलेल्याचा ऑपरेशनचा नंबर आपोआप पुढच्याला जायचा. ही हुशारीही विल्मारचीच. एल्बियाबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन गुरुवारी होतं. आठ महिने वाट पाहिली होती त्यांनी, आणि आता साखर की मीठ हे चाखून ठरवायची पाळी आली होती.

विल्मार तडक कचेरीत गेला. तिथला प्रोग्रॅम माबेल तेचेराने लिहिला होता.

“तुझ्याकडून माझी सासू मेलेली आली.”

“मी कुणाला मारलं नाही. जिवंत माणसाची मृत्यूची तारीख मी रिकामी ठेवते.”

“रिकामी कुठली? सन एक येतं.”

“माझ्या प्रोग्रॅमच्या भाषेत तारीख रिकामी राहतच नाही. काही लिहिलं नाही तर ती आपली पहिली तारीख घालते.”

“माझ्या भाषेत तारीख आली म्हणजे माणूस गेला.”

“मग भाषा बदल.”

“तू बदल.”

दोघंही हट्टाला पेटले. तरी दारी आलेल्याशी भांडतानाही येर्बाचा कडू चहा पाजावाच लागतो, म्हणून माबेलने भांडं भरून पुढे केलं. विल्मारने नळीने ओढून रिकामं परत दिलं. तिने भरलं. पुन्हा रिकामं, पुन्हा भरलं. तिसऱ्यांदा तो “ग्रासियास” म्हणाला आणि तिने किटली बाजूला ठेवली.

“थांबलीस का?”

“धन्यवाद म्हणालास ना. म्हणजे पुरे.”

“भांडं तर आधीही रिकामंच येत होतं.”

मग माबेलने खुर्ची संगणकाकडे ओढली. ठरलं असं, की तारखेसोबत एक शब्द जाईल. ज्याला हे जग पुरे झालं त्याच्या नावापुढे ‘ग्रासियास’. तो शब्द नसेल तर तारीख काही का असेना, माणूस जिवंत.

संध्याकाळपर्यंत गाव उठून बसलं, बाईंचा नंबरही परत आला. ही गोष्ट विल्मारने घरी जेवताना रंगवून सांगितली.

शुक्रवारी डोळ्यावरची पट्टी निघाली. एल्बियाबाईंनी आधी जावयाकडे नीट पाहून घेतलं.

“पोट सुटलंय की तुझं, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “तू धावपळ केलीस म्हणून दिसतंय मला. पण तुझे आभार मी मानायची नाही.”

“का हो?”

“मला अजून जगायचंय.”