खंडाचे कारण

शिक्षणातील खंड: अठरा वर्षे
खंडाचे कारण (एका ओळीत):

एक ओळ. नाजियानं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. बारावीनंतर आता कुठं कोल्हापुरात बी.ए.ला प्रवेश मिळत होता. फी निम्मी व्हायची तर आज पाचच्या आत खंडाचं प्रतिज्ञापत्र द्यायला हवं होतं. पूर्ण फी तिला झेपणार नव्हती.

कारण: इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायला होते

"असं न्हाय चालत," कोर्टाबाहेरचे टायपिस्ट गुंडूमामा म्हणाले. "काम केलं म्हटलं की कमाई आली. कमाई दावायची तर मालकाचा दाखला लागतोय, त्यो आण."

तिनं तिथूनच शेठना फोन लावला.

"शेठ, नाजिया बोलतोय. कांडीवाली. एक दाखला पायजे हुता, कामाचा."

"कसला दाखला? हजेरीला तुझं नाव कुठं हाय?"

"शेठ, अठरा वर्षं..."

"हजेरी म्हणालो मी. वर्षं इचारली न्हाईत."

फोन बंद.

कारण: अब्बा गेले, धाकट्या दोघींना शिकवायचं होतं, मग मी

"ओळ संपली," गुंडूमामा म्हणाले. "आणि ह्यात बी कमाई आलीच की. बहिणी काय वाऱ्यावर शिकल्या?"

"मग लिहू काय?"

"तयार मजकूर हाय माझ्याकडं. सगळ्या बायका त्योच घेत्यात." त्यांनी स्क्रीन तिच्याकडं वळवली.

कारण: सदर कालावधीत मी घरीच होते. कोणतेही काम केले नाही.

नाजियानं वाचलं. परत वाचलं. तिच्या तर्जनीवर सुतानं पाडलेली खाच होती.

"मामा, हे खोटं हाय."

"सही खरी कर म्हंजे झालं."

सही. नोटरीचा शिक्का. रिक्षा.

कॉलेजच्या खिडकीपाशी पोचली तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. क्लार्कनं प्रतिज्ञापत्र वाचलं, सवलतीचा शिक्का उचलला आणि हवेतच धरून ठेवला.

"अठरा वर्षं घरात? मजा हाय की. मग आत्ताच बरं शिकावंसं वाटलं?"

कारण:

कारण:

नाजिया त्या शिक्क्याकडं बघत राहिली. खाच पडलेलं बोट तिनं मुठीत घेतलं.

"बसून बसून कंटाळा आला, सर."

क्लार्क हसला. शिक्का उमटला.