लष्करी येनचा डबा

“तोंग पोपोनं तो डबा हातातून सोडला ना, की तिच्यावर नजर ठेव हं पोरी,” इमारतीचे पहारेकरी को-काका लिफ्टपाशी म्हणाले. साऊमानचं सगळं लक्ष कडेवरच्या तापलेल्या लेकीकडे. म्हाताऱ्यांना दुसरा उद्योग नाही, असं पुटपुटत ती लिफ्टमध्ये शिरली.

शेजारच्या पोपोचा, म्हणजे तोंग आजीचा, बिस्किटांचा डबा साऱ्या मजल्याला ठाऊक होता. आत जपानी लष्करी येनच्या नोटा. युद्धात जपान्यांनी हाँगकाँगचे डॉलर काढून घेतले, चार डॉलरला एक येन हातावर टेकवला. लपवेल त्याची खैर नव्हती. पोपोच्या वडिलांनी तांदळाच्या दुकानाची सारी पुंजी रांगेत उभं राहून बदलून आणली. पुढं जपान हरला आणि येनची रद्दी झाली. वडील आठ दिवस दुकानाच्या फळ्या काढायला उठले नाहीत, नवव्या दिवशी उठलेच नाहीत. भरपाईचे मोर्चे निघू लागले तसा डबा काखोटीला मारून पोपो प्रत्येक मोर्चाला जाई.

यंदा जूनमध्ये टोकियोच्या कोर्टानं भरपाईचा दावा फेटाळला.

चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात सगळे पितरांसाठी खोट्या कागदी नोटा जाळतात. त्यातल्या एका संध्याकाळी पोपोही फुटपाथवर पत्र्याच्या बादलीपाशी बसली होती.

“अगं पोपो, या तर खऱ्या आहेत!” साऊमान ओरडली.

“जिवंतांची एक बँक घेईना मेली. आता मेलेल्यांची घेते का बघू. बाबांना रांगेची सवय आहेच!”

बायका खळखळून हसल्या, साऊमानही हसली. पोपोनं रिकामा डबा साऊमानच्या लेकीच्या हाती दिला. “बडव गं भवाने! फार बडवलास तर भिंतीवर ठोकीन.”

दुसऱ्या दिवशी लेकीनं डबा बडवला, भिंतीतून दोन ठोके आले. तिसऱ्या दिवशी एकच, तोही हलका. चौथ्या दिवशी काहीच नाही. निजली असेल, साऊमानला वाटलं. लेकीला पेज भरवायची होती.

पाचव्या दिवशी को-काकांनी किल्ली आणली. भाताचं भांडं घासून पालथं घातलेलं. मोर्चाचा निळा सदरा घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून पोपो पलंगावर आडवी होती. को-काकांनी चादर तिच्या तोंडावरून ओढली.

लेक अजून डबा बडवते, आणि प्रत्येक वेळी साऊमानचा हात कामात थांबतो.

तुमच्याही भिंतीपलीकडे कुणी एकटं राहत असेल. हे खाली ठेवा, आणि आधी त्यांचं दार वाजवून या.