यायचं दार

“जेवलीस? मग ऐक.” सुयोग अनुपमाच्या टेबलाशी वाकला. “तुझं जे काय आपल्या पुलावर आहे ना, ते आजच काढून घे. मी करून देतो. कोणाला बोलू नको.”

मरोळच्या त्या ऑफिसात अनुपमा सोनकांबळे तीन वर्षं फोनवर बसत होती आणि सुयोग तिचा साहेब होता. डिजिटल नाण्यांच्या साखळ्या, म्हणजे ब्लॉकचेन, अनेक, आणि एका साखळीवरचं नाणं दुसरीवर चालत नाही. कंपनीचा पूल त्यांना जोडायचा. अनुपमा गिऱ्हाइकांना सांगायची, “इकडच्या साखळीवर तुमचं नाणं आम्ही कुलपात ठेवतो, तिकडच्या साखळीवर तेवढ्याच किमतीची पावती देतो. पावती परत आणलीत की कुलूप उघडतो.” हे तिला स्वतःलाही पटलं होतं. म्हणून तर लेकीच्या नर्सिंगच्या फीचे दोन लाख तिने तिथेच ठेवले होते.

“का? झालं काय?”

“रविवारी कुलूप फोडलं कोणीतरी. सगळं साफ. तिकडच्या पावत्यांच्या मागे आता काहीच नाही.”

“मग माझे कुठून देणार?”

“नवीन लोक टाकतायत ना अजून! यायचं दार उघडंच ठेवलंय. त्यांची नाणी आली की आपल्या माणसांच्या पावत्या वटवायच्या आणि निघायचं. बाकीच्यांना तू सांगतेयस तेच सांग, काढायच्या दाराची दुरुस्ती चालू आहे.” तो हसला. “टेन्शन नको घेऊ यार.”

त्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत होता. सोमवारपासून अनुपमाने किती जणांना दुरुस्तीचं सांगितलं होतं, याची मोजदादही नव्हती. ते शब्द आता जिभेवर बुरशीसारखे वाटू लागले.

फोन वाजला. मुलुंडचे राजाराम परब. त्यांचा मुलगा बोटीवर खलाशी होता आणि पगार डिजिटल डॉलरमध्ये पाठवायचा.

“बाय माझे, झिलान चार म्हयन्यांचो पगार धाडल्यान हा. पुलावर टाकतंय. बटण दाबू मा?”

सुयोग तिथेच उभा होता. त्याने अंगठा वर केला.

“नको काका,” अनुपमा म्हणाली. “हात काढा त्या बटणावरचा. इथलं कुलूप फुटलंय. तुम्ही टाकलेलं दुसराच कोणी घेऊन जाईल.”

“पण काल तूच म्हणालंस, दुरुस्ती चालू हा?”

“हो, मीच म्हटलं. मला ठाऊक नव्हतं, पण खोटं माझ्याच तोंडून गेलं.”

सुयोगने फोनची वायर उपटली. “डोकं फिरलं का तुझं? रेकॉर्ड होतं सगळं! तुझे दोन लाख विसर आता.”

“विसरले. त्या म्हाताऱ्याचे पैसे उचलून माझ्या पोरीची फी भरू? किळस येते रे तुझी.”

पाच मिनिटांत तिचा कॉम्प्युटर बंद झाला आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं गेलं. डबा, पर्स आणि वही घेऊन ती खाली आली. आज पैसे टाकणार असं ज्यांनी काल कळवलं होतं, त्यांचे नंबर वहीत होते. शेजारच्या बंद गाळ्याच्या पायरीवर बसून तिने स्वतःच्या मोबाइलवरून एकेकाला फोन लावला. दोघे वाचले. एकाने तिलाच चोर म्हटलं.

चौथा फोन बोरिवलीच्या जान्हवी सावेंना.

“ताई, तुमच्याच सांगण्यावरून सकाळी टाकले ना! दुकान विकून आलेले. का हो?”

रस्त्यावरून टेम्पो गेला. अनुपमाने तो जाईपर्यंत थांबून सगळं सांगितलं, स्वतःला न वगळता. बाई आधी रडल्या, मग शिव्या देऊ लागल्या, तिच्या आईवरून, पोरीवरून.

अनुपमा ऐकत राहिली. बाईंचं बोलून संपेपर्यंत तिने फोन ठेवला नाही.