झेलाचा पियानो

ऑझेला टेटमने ‘लेव्ही रोड सिक्स’ या बँडमध्ये एकोणचाळीस वर्षं पियानो वाजवला. बँडमधले दोघे देवाघरी गेले, एक पाद्री झाला. झेला आणि गाणारा होजिया बाइनम मात्र पहिल्या दिवसापासूनचे. होजियाचा ब्लूज कुठल्याच हिशेबात बसायचा नाही. मनात येईल तेव्हा तो सूर बदलायचा, आणि कधी बदलणार हे फक्त झेलाला आधी कळायचं.

मार्चमध्ये तिला अर्धांगाचा हलका झटका आला. डाव्या हाताची दोन बोटं ऐकेनाशी झाली. सहा आठवडे स्वयंपाकघरातल्या टेबलावर बोटं आपटून ती बँडमध्ये परतली. चुका तिच्या तिला ऐकू यायच्या. पण संथ गाण्यात होजिया तिचं नाव पुकारायचा, लोक उभे राहून टाळ्या पिटायचे, आणि तिला वाटायचं, चाललंय की. बिचारीने कानांपेक्षा टाळ्यांवर जास्त भरवसा ठेवला.

ऑगस्टमध्ये मेम्फिसहून बहिणीचा, मर्लीनचा फोन आला. ग्रीनव्हिलच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ तिला कुणीतरी पाठवला होता.

“त्या दिवशी तू नुसतीच बसली होतीस का गं?”

झेलाने व्हिडिओ पाहिला. ड्रम, गिटार, होजियाचा गळा, सगळं खणखणीत. पियानो नव्हताच. बोटं तिची हलत होती आणि तिच्या जागी वाजत होती गिटार. पायाशी ठेवलेल्या लहान स्पीकरमधून तिचं वाजवणं फक्त स्टेजवर ऐकू यायचं; समोरच्यांपर्यंत ते पोचतच नव्हतं.

शनिवारी दुपारी हेलेना गावी नदीच्या बांधावर कार्यक्रम होता. आवाज सांभाळणाऱ्या पर्सीला तिने गाठलं आणि कधीपासून, एवढंच विचारलं. तो वायर गुंडाळत राहिला.

“तुम्ही परत आलात ना झेलाबाई, तेव्हापासून.”

मग तिने होजियाला जाब विचारला. त्याने काहीच नाकारलं नाही.

“तुला घरी बसवलं असतं तर महिन्याभरात पुरावं लागलं असतं. माझ्याच्याने ते होईना.”

“आणि हे झालं होय रे तुझ्याच्याने?”

चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस गिटारच्या पेटीवर बसून रडला. झेला त्याच्याजवळ गेली नाही. पर्सीला तिने बजावलं, आज माझा पियानो सगळ्यांना ऐकव.

संथ गाणं आलं, होजियाने नाव पुकारलं. उजवा हात छान चालला. डाव्याची बोटं आधी उशिरा पडली, मग भलत्याच पट्टीवर. होजिया तिच्यासाठी थांबला, ड्रमवालाही थांबत थांबत वाजवू लागला, तरी तिला गाठता येईना. पुढच्या रांगेतले लोक मासे खाता खाता थबकले. एक बाई तिच्याकडे बघून समजुतीने हसली, आणि ते हसू झेलाला सोसवलं नाही. होजिया तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता. म्हणजे हे सगळं तो चार महिने रोज ऐकत आला होता आणि रोज तिचं नाव पुकारत होता.

तिने उजवा हात उचलून पर्सीला खूण केली, बंद कर. पर्सीने मान हलवून नकार दिला. तिने पुन्हा खूण केली.

समोरच्या स्पीकरमधून पियानो गेला, गिटार आली. झेलाची बोटं हलतच राहिली. गाणं संपलं तेव्हा लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात, आणि झेलाने मान लववून त्यांचे आभार मानले.