गाभणीला दोन

बोलायचं नाही.

मेंढरं मोजताना गाभणीला दोन खडे टाकतात.

कारेगावच्या चौकात पहाटे पाचलाच चहा मिळतो, कारण पहिल्या पाळीची माणसं तेव्हा बाहेर पडतात.

चौदा फोन, एका कापडी पिशवीत, सगळे बंद.

वनखात्याचा मेसेज, शुक्रवारचा: ऊसतोड सुरू असल्याने बिबट्यांच्या जागा हलल्या आहेत. एकट्याने फिरू नये.

पळणारा मागं बघत नाही.

*

मी साधना. आठवडाभर रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला असते, रविवारी लोकांना पळवाटेवरून नेते. शिरूरच्या बाजूनं चढायचं, मेंढखिंडीतून पार व्हायचं, भीमेच्या अंगाला उतरायचं. नदी ओलांडली की दौंड. डोंगर फार मोठा नाही. वाट मात्र जुनी आहे. धामधुमीच्या वर्षी घोडनदीकाठी फौजा उतरल्या, तेव्हा आमच्या मेंढपाळ लोकांनी गावातल्या बायका-पोरांना कळपात घालून इथून काढलं, असं माझे सासरे तात्याबा सांगतात. मी त्यांना आप्पा म्हणते. कागद कुठला नाही. आप्पा आहेत आणि खिंड आहे.

म्हणून नियमही तेच ठेवलेत. खिंड संपून विहीर येईपर्यंत बोलायचं नाही, मागं बघायचं नाही, दोघांत वीस पावलांचं अंतर. लोकांना ते फार आवडतं. एकीनं लिहिलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा खरी भीती वाटली. मी ते जाहिरातीत घातलं.

*

डिसेंबर. धुकं इतकं, की टेम्पोतून उतरलेली माणसं चार पावलांवर पुसली जात होती.

कुरकुंभहून एक जोडपं आलं होतं. सत्यजीत औषधांच्या कंपनीत केमिस्ट, रात्रपाळी करून थेट आलेला. अनुपमाच्या फॉर्मवर ‘पाचवा महिना’ लिहिलेलं वाचून मी तिला बाजूला घेतलं.

“ताई, डॉक्टरांनीच चालायला सांगितलंय. आणि हे काही हिमालय नाही.”

आप्पांनी काठीवर हनुवटी टेकून विचारलं, “कितवा?”

“पाचवा, आजोबा.”

“मग दमानं. म्होरच्याच्या पायाला पाय लावू नको.”

रांगेत शेवटी एरवी आमचा बन्सी असतो. त्या दिवशी कंपनीनं त्याची शिफ्ट बदलली होती.

“मी राहतो शेवटी,” सत्यजीत म्हणाला. “हिच्या मागं. लग्न झाल्यापासून तेच करतोय.”

सगळे हसले. मीही. मग पिशवी फिरवली आणि चौदा फोन गोळा केले.

*

खिंड म्हणजे कातळाची फट. एका वेळी एकच माणूस मावतो. आप्पा पुढं जाऊन पलीकडच्या तोंडाशी बसतात आणि माणूस बाहेर पडला की घोंगड्याच्या खोळीत एक खडा टाकतात. मी त्यांच्यापासून थोडी खाली उभी राहते. धुक्यात मला माणसं दिसत नव्हती, नुसता आवाज येत होता. टक. मग बराच वेळ काही नाही. टक.

शेवटी आप्पा खाली आले, ओंजळ पुढं केली. मी मोजले. चौदा.

मी पुढं निघाले.

*

विहिरीपाशी पोचायला अर्धा तास लागला. खाली ऊस होता, अर्धा तोडलेला, अर्धा उभा. “बोला आता,” म्हटल्याबरोबर सगळे एकदम बोलायला लागले. अनुपमा मागं वळली. तिच्या ओठांवर काहीतरी बोलायचं तयार होतं.

“सत्यजीत?”

मागं आप्पा होते. त्यांच्या मागं धुकं.

“पळाला असंल,” शिरूरचे सोपानराव म्हणाले. एस.टी.तून रिटायर झालेले, सकाळपासून गप्प बसून कंटाळलेले. “पळवाटच हाय की.”

कुणी हसलं नाही. मी माणसं मोजली. तेरा. परत मोजली. फोन परत वाटले, पिशवीत एक उरला. त्याला हाक मारायचं साधन मीच काढून घेतलं होतं.

“आप्पा, खडे चौदा होते.”

“व्हय.”

“माणसं तेरा आहेत.”

“तेराच बाहेर आली.” ते माझ्याकडं असं बघत होते, जणू चूक माझी आहे. मग त्यांची नजर अनुपमाच्या पोटाकडं गेली आणि तिथंच थांबली. काठी हातातून निसटली. “गाभणीला दोन टाकत्यात, पोरी. हात आपसूक गेला. साठ वर्षं तेच केलंय.”

“मामा, माणसं हायत ही!” सोपानराव ओरडले.

अनुपमा ओरडली नाही. ती चढाच्या वाटेकडं चालायला लागली. मी तिचा दंड धरला.

“सोडा.”

“तुम्ही इथंच थांबायचं.”

“नवरा माझा आहे.”

“म्हणूनच,” मी म्हणाले. याचा अर्थ काय, मलाही माहीत नव्हता. सोपानरावांनी तिला विहिरीच्या कठड्यावर बसवलं. मी वनरक्षकाला फोन लावला आणि आप्पांना घेऊन वर निघाले.

*

मी तोंडाशी हात नेला तसा आप्पांनी तो खाली ओढला.

“हाक मारू नको.”

“का?”

“मेंढरू मागं राहिलं तर हाक मारत न्हाईत. काय ठाऊक, त्याच्याजवळ कोण बसलंय.”

एवढी वर्षं मी लोकांना गप्प चालायला लावत होते. आता माझे बूट खड्यावर वाजले तरी मी थांबून कानोसा घेत होते. धुक्यात झुडपं माणसासारखी दिसायची, मग झुडपंच निघायची. एकदा वाटेवर काही पडलेलं दिसलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती वाळकी फांदी होती. अनुपमाला काय सांगायचं, याची वाक्यं मनात तयार होत होती आणि मला ती थांबवता येत नव्हती.

खिंडीत आप्पा पुढं शिरले. दोन्ही खांदे कातळाला घासत होते. वर पट्टीएवढं पांढरं आभाळ. जनावराच्या वासाचा मला पत्ता नव्हता. आप्पांना आला. ते थांबले, काठी आडवी धरली, मग परत चालले.

पलीकडं तो उभा होता.

खिंडीच्या तोंडापासून वीस पावलांवर, वाटेच्या मधोमध, खांबासारखा. हात अंगाला चिकटलेले. तोंड निळं पडलेलं. तो आमच्याकडं बघत नव्हता. आमच्या डोक्यावर बघत होता.

मी वर पाहिलं. कातळावर काही नव्हतं.

“गेली?” तो म्हणाला. ओठ जेमतेम हलले.

“कोण?”

“बिबट्याची मादी. आत्ता होती.” मग म्हणाला, “आत्ता म्हणजे... किती वाजले?”

आठ वाजले होते. तो तासापेक्षा जास्त वेळ तसाच उभा होता.

“ओरडायचं होतंस की, लेकरा,” आप्पा म्हणाले.

त्यानं पहिल्यांदाच आमच्याकडं पाहिलं. “कातळाखाली अनुपमा होती. मी ओरडलो असतो आणि वरून मादीनं उडी टाकली असती तर?” आप्पांनी त्याला घोंगड्यात घेतलं आणि खाली बसवलं. तो रडत नव्हता. दात वाजत होते. मी त्याचा फोन चालू करून अनुपमाला लावला आणि त्याच्या कानाशी धरला. “त्या कातळाखाली किती थांबली होतीस?” त्यानं तिला विचारलं.

पावणेसात वाजता अनुपमा दम खायला त्याच कातळाखाली, पाठ टेकून, दीडेक मिनिट थांबली होती.