घनश्यामकाकांची फुंकर

शपथेवर सांगतो, यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. मी घड्याळ दुरुस्तीचं भिंग बोलतोय, थेट स्वित्झर्लंडहून आलेलं. बरं, स्वित्झर्लंड नाही. नागपूरच्या फुटपाथवरून घनश्यामकाकांनी मला उचललं. बाकी सगळं खरं.

काकांच्या डोळ्याच्या खोबणीत बसून अर्ध्या भंडाऱ्यातल्या घड्याळांची पोटं मी पाहिली. एका घड्याळात तर मुंग्यांचं लग्न लागलं होतं... जाऊ द्या. लाज वाटणारी गोष्ट सांगायची आहे, म्हणून मी असा इकडेतिकडे पळतोय.

लोक वेळ मोबाइलमध्ये पाहू लागले, दुकान बंद पडलं. मग गल्लीतल्या बायका घरातल्या कुंड्या दाखवायला आणू लागल्या. काका झाडांचे डॉक्टर झाले, मी त्यांचा डोळा.

एका सकाळी शेजारची दीपमाला मिरचीची कुंडी घेऊन आली. खिडकीत वाढवलेलं झाड. पानांवर फिकट ठिपके, कडा मुरडलेल्या.

"काका, पाहा ना जी. आईनं पवनीहून देल्लं बी होतं. आई गेली, आता हे एकच झाड उरलं माह्याजवळ."

"आण वं इकडे. धूळ लय बसली."

घड्याळ उघडलं की आधी फुंकर, मग मलमलचा तुकडा, मग मी. अठ्ठावीस वर्षांचा शिरस्ता. काकांनी पान उलटं केलं, जोरात फुंकर मारली, दोन्ही बाजू स्वच्छ पुसल्या आणि मगच मला लावलं. पान असं मुरडतं ते लाल कोळी नावाच्या बारीक किडीनं, नाहीतर विषाणूनं. कोळी असतात पानाखाली, बारीक जाळ्यात. विषाणू असतो रसात, तो मला दिसत नाही. पान लख्ख होतं.

"कीड तं एकबी नाही. हा विषाणूच. उपटून जाळ, नाहीतं बाकीच्या कुंड्यांलेबी लागन."

"फवारून नाही जमनार?"

"कोळी असते तं जमलं असतं."

तिनं झाड उपटून माती झटकली. तेवढ्यात माझ्या काठावरून एक लाल ठिपका चालू लागला. आठ पायांचा. मला दिसला, काकांना नाही. तोवर दीपमाला निघून गेली होती. तिच्या अंगणातला धूर मात्र आम्हा दोघांनाही दिसला.

तेव्हापासून मी पत्र्याच्या डबीत आहे. काका कुणाचीच कुंडी पाहत नाहीत. तुमच्याकडे असं पान आलं, तर आधी भिंग लावा, पानाच्या खालून. फुंकर नंतर.

आणि एक थाप मारली, ती परत घेतो. तो ठिपका काकांनाही दिसला होता. त्यांनी मला पुसून खिशात टाकलं, तेव्हा दीपमाला दारातच चप्पल घालत होती. झाड तिच्या हातात होतं.